हौद तिथंच आहे

गाडी गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. करी रोडच्या पुलावरून तो खाली उतरला की चाळीच्या जिन्यातली मांजर पहिली उठायची, मग दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं भोकाड पसरायचं, मग कौसल्याबाईंचं तोंड सुरू व्हायचं, आणि सगळ्यांत शेवटी गाडी यायची. गाडीवर निमेश. छातीला ढाल, कोपरांना वाट्या, गुडघ्यांना वाट्या, पायांत पोटरीपर्यंत चढलेले बूट. टॉवरच्या लिफ्टमधून निघून समोरच्या गल्लीत यायला वाटेत एखादा कडा उतरावा लागत असावा, असा सगळा थाट.

"आला गो चैत्रे, चाळिसाव्या मजल्यावरचा मावळा," कौसल्याबाई गॅलरीतून लेकीला सांगायच्या आणि हातातल्या सुपावर ताल धरून म्हणायच्या,

घोडं आणिलं लाखाचं, नाल ठोकिली रुप्याची
स्वार बसला डौलात, त्याला भीती उंबऱ्याची

कौसल्याबाईंचं माहेर चिपळूणकडचं. जातं तिकडेच राहिलं, ओव्या तेवढ्या तोंडात बसून मुंबईला आल्या. इथं दळायला काही उरलं नाही, तेव्हा त्या माणसं दळू लागल्या. निमेशला वाटायचं, काकू कौतुक करतायत. तो वर बघून हात हलवायचा.

जिन्याखालच्या दहा बाय आठच्या जागेत उत्तम गमरे यांचं गॅरेज. उत्तमराव कौसल्याबाईंचे नवरे, वय सहासष्ट, आणि ठार बहिरे. गल्लीला त्याचं काही वाटत नसे. नवं गिऱ्हाईक मात्र चपापायचं. बहिरा माणूस इंजिन लावतो म्हणजे काय? आंधळ्यानं रंग विकावेत तसंच की!

उत्तमरावांचे वडील गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार जास्त. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असे, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला बाकीच्यांनी तोंड कसं लावायचं? म्हणून म्हाताऱ्याला ते दार जन्मभर बंद. उत्तमरावांच्या वेळेपर्यंत दार उघडलं. घरातला पहिला माणूस साचेखात्यात गेला, फिटर म्हणून. तिथल्या चारशे साच्यांच्या खडखडाटानं वीस वर्षांत त्याचे दोन्ही कान खाऊन टाकले. बापाला उंबऱ्यावर उभं केलं नाही. लेकाला आत घेतलं आणि कान ठेवून घेतले.

पण त्या खात्यात कान असूनही कुणाला काही ऐकू येत नसेच. माणसं ओठांनी बोलत. पंचवीस पावलांवरचा माणूस नुसते ओठ हलवून विचारी, भाजी काय आणलीस? आणि इकडून ओठ हलत, सुकट. कुठला साचा दुखतोय हे फिटर हातानं ओळखी. गिरणी गेली, हात राहिला. उत्तमराव चालू गाडीच्या टाकीवर पंजा पसरत, डोळे मिटत, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात थोडा वेळ तिथंच असू देत, आणि मग सांगत, "डावीकडचा वॉल्व घट्ट आहे." असायचाच.

चैत्राली त्यांची एकुलती लेक. वय तीस, आयटीआयचं सर्टिफिकेट, आणि चार वर्षं गॅरेजच तिच्या अंगावर. ती बोलायला शिकली तीच मुळी आवाज न काढता. बापलेकीची भांडणंसुद्धा गल्लीला ऐकू जात नसत.

निमेश फणसवाडीत जन्मला. बापानं तिथली खोली विकली, कर्ज काढलं आणि गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये घर घेतलं. निमेश स्वतः कुठल्याशा कंपनीत काहीतरी फार मोठं होता. ते काय, हे तो समजावून सांगायचा तेव्हा अजिबात कळेनासं व्हायचं. डोंगरदऱ्यांत चालवायची म्हणून त्यानं ऑफरोड बाइक घेतली होती आणि वर्षभर ती लालबागच्या फ्लायओव्हरवर चालवली होती. तिच्यावर तीन जादा दिवे होते, दोन पत्र्याच्या पेट्या होत्या, एक रिकामा पेट्रोलचा डबा होता, आणि पुढे लोखंडाची एक जाळी होती, जी नेमकी कोणापासून रक्षण करते हे खुद्द निमेशलाही ठाऊक नव्हतं.

"काका, रविवारी रेस आहे," त्यानं उत्तमरावांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, भिंतीलाही ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. "गाडीत दम पाहिजे! पॉवर!"

"ओरडू नको," उत्तमराव म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज सपाट आणि जरा मोठा. "हळू बोल, तोंड नीट उघड. रेस कुठं?"

रेस कुठं होती ते ऐकून चैत्रालीलाच हसू आलं. डोंगरात नाही, दरीत नाही. टॉवरच्या मागच्या अंगाला बिल्डरनं सहा वर्षांपूर्वी खणून सोडून दिलेला प्लॉट होता; मातीचे ढीग, गुडघाभर गवत, पाणी साचलेले खड्डे. एका बाइक क्लबनं तो रविवारपुरता मागून घेतला होता. उत्तमरावांची गिरणी तिथवर पसरलेली; आयुष्यभर त्यांनी ती उभी पाहिली होती. जिथं त्यांचे कान गेले, तिथंच आता लोक हौसेनं चिखलात लोळणार होते.

तीन दिवस उत्तमराव गाडीपाशी बसले. पहिल्यांदा त्यांनी पेट्या काढल्या, जाळी काढली, डबा काढला, दिवे काढले. "गाडी पळवायची तर आधी तिच्यावरचं लग्नाचं सामान उतरव," ते म्हणाले. पुढचं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक, एका दातानं लहान बसवलं, म्हणजे चाकाला जोर मिळेल, वेग गेला तरी चालेल. निमेशला गाडीवर बसवून त्याच्या वजनाला मागची स्प्रिंग लावली. तो बसलेला असतानाच चेनचा ताण पाहिला. टायरमधली हवा अर्ध्यावर आणली. शेवटी टाकीवर पंजा ठेवून, डोळे मिटून, बारीक स्क्रू केसाएवढा फिरवला. गाडी एकदा थरथरली आणि मग पोट भरलेल्या गाईसारखी शांत उभी राहिली.

निमेशनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "काका, फरक काहीच दिसत नाही."

"दिसणार नाही. मांडीला कळेल."

"आणि आवाज? आवाज तर आणखी कमी झालाय!"

उत्तमरावांनी खांदे उडवले. आवाज ही गोष्ट त्यांच्या जगातून तीस वर्षांपूर्वी गेली होती, आणि जाऊन काही अडलं नव्हतं.

निमेशनं पिशवीतून एक चकचकीत नळकांडं काढलं. सायलेन्सर म्हणून विकलेलं, पण सायलेन्स सोडून बाकी सगळं करणारं. शिवाय त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं की सीटखालचा हवेचा खोका कापून मोठं भोक पाडलं की गाडी मोकळा श्वास घेते. "खोका फाडा, काका. सगळे फाडतात."

उत्तमरावांनी नळकांडं हातात घेऊन वजन पाहिलं. "नळकांडं लाव हवं तर. गल्ली शिव्या देईल, गाडीला काही होणार नाही. खोक्याला हात लावायचा नाही. हवेचं तोंड वर ठेवलंय ते ज्यानं गाडी बनवली त्याला अक्कल होती म्हणून. प्लॉटवर पाणी आहे, भोकातून इंजिनात शिरेल."

"डबकी आहेत हो, काका. बोटभर."

"प्लॉटच्या मधोमध गिरणीचा हौद होता. कमरेएवढा. वर माती पडली असेल, गवत वाढलं असेल. हौद तिथंच आहे."

निमेश चैत्रालीकडे वळून इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. त्याचा अर्थ एवढाच, की म्हातारं जुन्या जमान्यात आहे.

चैत्रालीनं त्याच वेळी त्याला हाकलायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे प्रिती होती. प्रिती त्या क्लबची म्होरकी, दादरची. मोजकं बोलणारी, आणि गाडी अशी चालवणारी की बघणाऱ्यानं पाठ ताठ करावी. पुढच्या जूनमध्ये क्लब लडाखला निघणार होता आणि बरोबर एक मिस्त्री नेणार होता. कुणाला न्यायचं ते रविवारच्या गाड्या बघून ठरवणार, असं प्रितीनं स्वतः गॅरेजमध्ये येऊन सांगितलं होतं. त्या दिवसापासून चैत्रालीची झोप उडाली होती. तिनं आजवर पाहिलेला सगळ्यांत उंच डोंगर म्हणजे अँटॉप हिल. लडाखची माती तिला ठाऊक होती, ती दुसऱ्यांच्या मडगार्डखालून खरवडून काढलेली. पांढुरकी, बारीक, नाकाशी नेली तर कशाचाच वास नसलेली. एकदा तिनं ती कागदात पुडी बांधून ठेवली होती.

"बघ चैत्राली," निमेश म्हणाला. "प्रिती मला विचारणार, गाडी कोणी केली. मी तुझं नाव घेऊ की दुसऱ्याचं?"

शनिवारी दुपारी उत्तमराव पाठ करून स्टुलावर बसले होते, शेजाऱ्याच्या स्कूटरचा ब्रेक जोडत. त्यांच्या मागे, जेमतेम चार हातांवर, चैत्रालीनं कटर चालू केला. कटर किंचाळला. प्लास्टिकचा धूर झाला. समोरच्या वाण्यानं कानावर हात ठेवले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, एका माणसाला सोडून. बापाच्या पाठीकडे बघत बघत लेकीनं खोका फाडला. मुठीएवढं भोक. जन्मभर ज्या बहिरेपणाला तिनं कधी कुणाला हसू दिलं नव्हतं, त्याचाच तिनं आडोसा केला.

निमेशनं गाडी सुरू केली. असा आवाज, की तान्ह्यानं भोकाड पसरायचंही सोडून दिलं. निमेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान आलं. वरून कौसल्याबाईंनी सूप आपटलं.

गाडी गर्जली गल्लीत, काचा थरथरल्या बाई
उभ्या चाळीला कळलं, त्याला अक्कल कशी नाही

रविवारी सकाळी प्लॉटवर वीसेक गाड्या होत्या आणि दोनशेक मोबाइल. जो तो आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीहून मोठ्यानं ओरडवून दाखवत होता. एकानं हेल्मेटवर कॅमेरा लावला होता आणि सुरू होण्याआधीच तो कॅमेऱ्याला आपल्या संघर्षाची गोष्ट सांगत होता. दुसऱ्याचा बायकोशी व्हिडिओ कॉल चालू होता, ती विचारत होती, "अहो, येताना पाव आणाल ना?" उत्तमराव धुतलेला पांढरा सदरा घालून कुंपणापाशी उभे होते. त्यांची नजर गाड्यांवर नव्हती. ते पायानं जमीन चाचपत होते. इथं दार. इथं जिना. इथून पुढे साचे.

निमेश सुटला तो सगळ्यांच्या पुढे. आणि खरं सांगायचं तर ते उत्तमरावांच्या हाताचं काम होतं. लहान स्प्रॉकेटमुळे गाडी मातीचा पहिला ढीग मांजरीसारखी चढली, अर्ध्या हवेच्या टायरनं चिखल पकडला, स्प्रिंगनं निमेशला एकदाही वर फेकलं नाही. प्रितीनं मान वळवून पाहिलं. चैत्रालीनं टाचा उंचावल्या. मग मधलं डबकं आलं. बाकीचे कडेकडेनं जायला वळले. निमेशनं आपल्या गर्जनेवर विश्वास ठेवून गाडी सरळ मधोमध घातली.

हौद तिथंच होता.

पुढचं चाक गेलं, टाकी गेली, सीट गेली, गाडी निमेशला घेऊन आडवी झाली. गर्जना मध्येच तुटली. आधी गुळगुळ झाली, मग काहीच नाही. पाण्यावर निमेशचं हेल्मेट आणि एक हात. चौघांनी दोरी टाकून स्वार काढला, सहाजणांनी गाडी काढली. मोबाइल सगळे तिकडे वळले होते.

निमेशच्या वाट्या चिखलानं भरल्या होत्या. त्यानं खोकत खोकत आजूबाजूला पाहिलं, आणि प्रिती समोर येताच त्याला आपली चूक सापडली. ती अर्थातच दुसऱ्याची होती.

"बहिऱ्याच्या हातात गाडी दिली ना, म्हणून!" तो म्हणाला. "ज्याला इंजिन ऐकूच येत नाही तो काय डोंबलाचं ट्यूनिंग करणार? मी चैत्रालीला म्हटलं होतं, तू कर. पण म्हातारा हट्टी."

प्रितीनं चैत्रालीकडे पाहिलं. "हवेचा खोका फाडलाय. हे वडिलांनी केलं?"

सुटायला दार उघडं होतं. एक मान हलवायची, बस. निमेश खालच्या आवाजात पुटपुटला, "हो म्हण ना. त्याला कुठं ऐकू जातंय?"

चैत्रालीनं कुंपणाकडे पाहिलं. बाप पंचवीस पावलांवर. त्याची नजर गाडीवर नव्हती, निमेशच्या ओठांवर होती. साचेखात्यात सुकट की बोंबील हे जिथून कळायचं, तिथून सगळं कळत होतं. बहिरा, म्हातारा, हट्टी. एकूण एक शब्द त्यानं वाचला होता. मग त्याची नजर लेकीच्या ओठांवर आली. क्षणभर थांबली. आणि उत्तमरावांनी पाठ फिरवली. खाली बसले आणि चपलेचा पट्टा सारखा करू लागले. पट्ट्याला काहीही झालं नव्हतं.

त्यांनी तिला मोकळं सोडलं होतं. खोटं बोलायचं असेल तर बोल, मी बघत नाही.

चैत्रालीचे शब्द आले ते खणखणीत आले, गल्लीतल्या कुणी कधी ऐकले नव्हते इतके मोठ्यानं. "पप्पांनी नको म्हटलं होतं. हौद आहे हेही सांगितलं होतं. मी फाडला, त्यांच्या पाठीमागे. गाडी इथवर आली ती त्यांच्या हातानं, आणि बुडाली ती माझ्या."

"अगं, पण..." निमेश म्हणाला.

"आणि तू," ती त्याच्याकडे वळली, "तुला कान आहेत ना दोन? काय उपयोग झाला?"

कुणीतरी हसलं. प्रिती हसली नाही. तिनं फाडलेल्या कडांवरून बोट फिरवलं. "कापलंय सफाईनं," ती म्हणाली. "पण जो मिस्त्री गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही, त्याला मी पंधरा हजार फुटांवर कशी नेऊ? तिथं असे सोळा निमेश असतील."

तिनं हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि ती पुढच्या गाडीकडे गेली. आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. चैत्रालीला वाटलं, हिच्याबरोबर जायला फार आवडलं असतं.

तिनं तिथंच चिखलात बसून प्लग काढला, स्टार्टर दाबला. इंजिननं प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी मारली. ती नेमकी निमेशच्या ढालीवर. पाच-सहा वेळा ओकून झाल्यावर तिनं प्लग पुसून लावला, पुन्हा स्टार्टर दाबला. शेजारी कुठंतरी दहा गाड्या गुरगुरत होत्या. काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिनं टाकीवर पंजा पसरला, डोळे मिटले. बराच वेळ नुसतं थंड पत्र्याचं अंग. मग तळव्याला एक ठोका लागला. चुकला. पुन्हा लागला.

घरी येताना बापलेक आवाज न करता बोलले.

"काल स्टूल हलत होतं," उत्तमरावांचे ओठ म्हणाले.

चैत्राली जागीच थांबली. "तुम्हाला कळलं होतं? मग मागं का नाही वळलात?"

"सांगून झालं होतं. वळलो असतो तर तुझा हात थांबला असता. तू थांबली नसतीस."

थोडं चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मगाशी त्या बाईला काय बोललीस?"

"मी फाडला म्हटलं."

त्यांनी मान हलवली. "मग? लडाख?"

"नाही."

उत्तमरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. टाकीवर ठेवत तसाच, सगळा पंजा पसरून. कोपरा येईपर्यंत तो तिथंच होता. 

आठवड्यानं निमेश आला. गाडीला नवा खोका घालायचा होता. त्याचा व्हिडिओ एव्हाना लालबाग, परळ आणि फणसवाडीतल्या आत्यापर्यंत पोचला होता; पण लाज वाटायलाही जरा शांतता लागते, आणि ती त्यानं स्वतःभोवती कधी ठेवलीच नव्हती.

"खोका बसव नवीन," तो म्हणाला. "फक्त बाजूनं एक छोटंसं भोक ठेव हां. एवढंसंच. आवाजापुरतं."

चैत्रालीनं पाना खाली ठेवला. त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. तोंड नीट उघडून, हळू, पंचवीस पावलांवरच्या माणसाला कळावं असं, ती ओठांनी म्हणाली, "नाही."

"काय? ऐकू नाही आलं!"

"नाही."

पलीकडे स्टुलावर उत्तमरावांनी मान वर केली, पाहिलं, आणि ते पुन्हा स्कूटरच्या ब्रेककडे वळले. वर गॅलरीत कौसल्याबाईंनी सूप पुढे ओढलं.

गाडी बुडाली हौदात, पाणी कमरेला बाई
आता बोटभर डबकं, तरी स्वार म्हणे आई

या वेळी निमेशनं हात हलवला नाही.